चाहूल, इशारा की संकेत? फॅन्टसी खेळांत शत्रूची ताकद आधी कळावी यासाठी शब्द

मूळ प्रश्न

टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या फॅन्टसी रोलप्लेइंग गेमसाठी मी मराठीतून एक साहस रचते आहे. गेम मास्टरला, म्हणजे वर्णन करून खेळ चालवणाऱ्याला, आम्ही सूत्रधार म्हणतो, तो शब्द छान रुळला. अडले आहे ते दुसऱ्याच शब्दापाशी. समोरचा शत्रू झेपणारा नाही, हे लढाई जुंपण्याआधी खेळाडूंच्या लक्षात यावं म्हणून सूत्रधार वर्णनातून काहीतरी पुढे टाकत असतो. इंग्रजीतून खेळणारे याला ‘टेलिग्राफ करणं’ म्हणतात. मी टिपणांत सगळीकडे ‘धोक्याचा इशारा’ लिहिलं आणि तिथेच घोटाळा झाला. ‘गुहेच्या तोंडाशी धोक्याचा इशारा मिळतो’ हे वाक्य वाचून एका सूत्रधाराने तिथे एक म्हातारा पहारेकरी उभा केला आणि त्याच्या तोंडून ‘आत जाऊ नका’ असं वदवलं. दुसऱ्या प्रसंगात मी स्वतःच ‘आत अत्यंत धोकादायक प्राणी आहे’ असं वाचून दाखवलं, तर खेळाडू सरळ आत शिरले. धोकादायक प्राण्यांशी लढायलाच आलो आहोत, असं त्यांचं म्हणणं. पाचांपैकी तीन पात्रं मेली. चूक त्यांची नव्हती. माझ्या शब्दांत मोजमापच नव्हतं.

इशारा, संकेत, सूचना, खूण, चाहूल, सुगावा, अपशकुन. यातला नेमका कुठला घ्यावा?

प्रतिसाद

माझं मत ‘चाहूल’ला. प्रत्येक शब्दासोबत कोणतं क्रियापद येतं ते पाहा. इशारा दिला जातो, म्हणजे देणारा कुणीतरी असतो आणि समोरच्याला कळावं अशी त्याची इच्छा असते. तुमच्या त्या सूत्रधाराने पहारेकरी उभा केला यात नवल नाही, शब्दानेच तो मागितला होता. चाहूल मात्र लागते. ज्याची लागते त्याला बहुधा तिचा पत्ताही नसतो. गुहेतला प्राणी कुणाला सावध करत नाही, तो आपला तिथे राहतो, श्वास घेतो, हाडं चघळतो. त्याची चाहूल लागेल.

शिवाय चाहूल घेताही येते. सावध खेळाडू दाराला कान लावून बसतो तेव्हा तो चाहूलच घेत असतो. एकाच शब्दात सूत्रधाराची बाजू आणि खेळाडूची बाजू दोन्ही सामावतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रतिसाद

चाहूल बरोबर, पण ती मुळात कानाची. ‘पावलांची चाहूल’ म्हणतो, ‘पावसाची चाहूल’ही म्हणतो, तरी दोन्हीत काहीतरी जवळ येत असतं. शत्रू जागचा हलतच नसेल आणि मागे नुसत्या वस्तू उरल्या असतील, तर ती खूण.

इथे ‘खूण’ आणि ‘संकेत’ यांत गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. संकेत म्हणजे आधी ठरलेली गोष्ट. दोघांना ठाऊक असेल तरच तो संकेत, एकालाच ठाऊक असेल तर तो काहीच नाही. आता हे उदाहरण घ्या. अंगणात माणसांचे दगडी पुतळे आहेत, एकाचा हात चेहऱ्यासमोर आडवा, दुसरा पळता पळता मागे वळलेला. वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला हा संकेत आहे. नजरेने माणसाचा दगड करणारी मेड्यूसा किंवा बॅसिलिस्क इथे आहे हे तो लगेच ओळखतो आणि नजर खाली घालतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मात्र ते फक्त पुतळे दिसतात. सूत्रधार आपल्या मनात ‘मी सांगितलं होतं’ म्हणतो आणि खेळाडूला काहीच सांगितलेलं नसतं. असे बळी मी पाहिले आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटतं.

‘खूण पटणे’ हा वाक्प्रचार याच जागी कामाचा आहे. खूण नुसती दिसून भागत नाही, ती पटावी लागते. नवख्यासाठी पुतळ्याच्या पायाशी एक चिमणी ठेवा, तीही दगडाची, पंख उघडलेली. कुणी शिल्पकार एवढं बारीक कोरून अंगणात टाकून देणार नाही, हे त्यालाही सुचेल.

प्रतिसाद

अपशकुन वगळा. त्यातून नशीब कळतं, शत्रूचं बळ कळत नाही. आणि सुगावा हा शोधणाऱ्याच्या कष्टाचा असतो; सहज समोर ठेवलेल्या गोष्टीला तो शब्द शोभत नाही.

प्रतिसाद

मूळ प्रश्नात ‘मोजमाप’ शब्द आला आहे, खरी मेख तिथे आहे असं मला वाटतं. ‘धोका’ या शब्दाला मात्रा नाही. हिंदीत तो फसवणुकीकडे जातो, मराठीत संकटाच्या शक्यतेकडे. पण शक्यता किती, ते तो सांगत नाही. निसरड्या पायरीलाही धोकादायक म्हणतात आणि ड्रॅगनलाही.

खेळाच्या इतिहासातही हाच पेच दिसतो. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तळघर जितकं खोल तितके राक्षस जबर, असा साधा हिशोब होता. खाली जाणारा जिनाच खेळाडूंना बोलत असे: उतरायचं तर विचार करून उतरा. पुढे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘चॅलेंज रेटिंग’ आलं, म्हणजे शत्रूच्या नावापुढे आकडा. चार पात्रांची तुकडी साधारण त्या आकड्याच्या पातळीवर असेल तर लढत झेपावी, हा त्याचा रोख. पण तो आकडा दिसतो सूत्रधाराला. टेबलाच्या पलीकडच्यांना फक्त शब्द ऐकू येतात. म्हणून मात्रा शब्दांनीच वाहायची.

आणि मराठीत त्यासाठी सुरेख उतरंड तयार आहे. तुल्यबळ, वरचढ, डोईजड. तुल्यबळ शत्रूशी लढावं, वरचढ शत्रूशी युक्तीने लढावं, डोईजड शत्रूपासून निघून यावं. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७च्या खेळात सूत्रधार फासे पडण्याआधीच परिस्थितीची पायरी उघड सांगतो, आणि त्या तीन पायऱ्यांना मी मराठीत ‘आटोक्यातली, जोखमीची, जिवावरची’ असं म्हणतो. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

प्रतिसाद

उतरंड आवडली, पण ‘हा शत्रू डोईजड आहे’ असं सूत्रधार म्हणाला तर ते निकालपत्र झालं. मात्रा दाखवायची कशी? माझा अनुभव असा की ती इतरांच्या वागण्यातून सगळ्यात लवकर पोचते, आणि यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. धाक, वचक, जरब, दरारा, दहशत. सगळ्यांचा अर्थ आपण ‘भीती’ असा करून मोकळे होतो, पण प्रत्येक शब्द वेगळा शत्रू उभा करतो.

जरब आवाजात किंवा नजरेत असते, तिला माणूस समोर लागतो. नुसत्या हाकेने हत्यारं खाली ठेवायला लावणारा सरदार जरबेचा. वचक माणूस गैरहजर असतानाही टिकतो. मालक नसतानाही त्याचे गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, त्या एका खोलीत पाऊल टाकत नाहीत, तो वचक. धाक दाखवता येतो, त्यामुळे तो खोटाही असू शकतो, आणि खेळाडूंनी तो एकदा तरी उघडा पाडावा अशी संधी त्यांना जरूर द्यावी. दहशत दुबळ्यांवर बसते. लुटारूंची दहशत गावावर असेल, पण त्यावरून तुमच्या तुकडीला ते जड जातील असं ठरत नाही. दरारा वेगळा. त्यात भीतीसोबत मान असतो आणि तो बलवानांच्या मनात असतो. ज्या ट्रोलने, म्हणजे धिप्पाड राक्षसाने, गेल्या खेपेला तुमची दाणादाण उडवली, तोच ट्रोल एका दरीला वळसा घालून जाताना दिसला, तर त्या दरीत काय दर्जाचं असेल हे खेळाडू बरोबर ताडतात. खेळाडूंनी स्वतः जोखलेलं माप हाताशी असतं ना!

एक पथ्य मात्र पाळा. ‘तुमच्या काळजात धडकी भरते’, ‘तुमची पाचावर धारण बसते’ अशी वाक्यं टाळा. पात्राच्या मनात काय होतं ते खेळाडूचं राज्य आहे. तुम्ही ट्रोल वळसा घालताना दाखवा, धडकी आपोआप भरेल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टिपणांत आता तीन शब्द वेगवेगळ्या जागी लिहिते आहे: शत्रू हलता असेल तिथे चाहूल, मागे काही उरलं असेल तिथे खूण, इतरांच्या वागण्यातून कळणार असेल तिथे दरारा. ‘इशारा’ फक्त कुणी मुद्दाम सावध करत असेल तिथेच राहील. तीन पात्रं गेली तो प्रसंग असा बदलला:

‘गुहेच्या तोंडाशी अस्वलाचं भलंमोठं कातडं पडलं आहे. ते सोललेलं नाही. अख्खं अस्वल आतून रिकामं झाल्यासारखं दिसतं. त्यावर एकही माशी बसलेली नाही. आतून काही आवाज येत नाही, आणि तुमच्यासोबतचा कुत्रा मघापासून वीस पावलं मागेच थांबला आहे.’

एक शंका उरते. हे सगळं ऐकूनही कुणी ‘मी आत जातो’ म्हणालं, तर खेळ थांबवून स्पष्ट सांगायचं आहे. तिथे ‘जिवावर बेतेल’ म्हणावं की ‘मराल’?

प्रतिसाद

‘जिवावर बेतेल’ म्हणा. त्यात परत फिरायची वाट मोकळी राहते. आणि त्यानंतरही तो आत गेला, तर फासे सर्वांसमोर टाका.