शब्दचर्चा : बंदुकीचा 'कान' आणि नळीवरचं '१७४६'

रानवारा :
माळा साफ करताना आजोबांच्या सामानात बंदुकीची नळी सापडली. दस्ता वाळवीनं खाल्लाय, घोडा-चाप काहीच उरलं नाही. लांबी अडीच हात, मागे अष्टपैलू, पुढे गोल, तोंडाशी फुगीर कडं. मागच्या टोकाजवळ उजव्या अंगाला तांदूळ जाईल एवढं भोक आणि त्याच्या खाली चिकटलेली छोटी वाटी. वर टिंबाटिंबांनी ठोकलेले देवनागरी आकडे : १७४६. घरच्यांसाठी चार ओळी लिहून ठेवायच्यात. भोकाला आणि वाटीला आपल्याकडे शब्द काय? काका म्हणतात, पानिपतच्या पंधरा वर्षं आधीची आहे.

जुनी खोड :
भोक म्हणजे कान. 'तोफांच्या कानात खिळे ठोकले' हे बखरी-इतिहासात वाचलं असेलच. तो हाच कान. तो बुजला की तोफ शत्रूच्या हाती लागूनही उपयोग शून्य. वाटीत टाकायची बारीक दारू ती रंजक. म्हणून वाटीला 'रंजकेची वाटी' म्हणा. काही जण रंजकदान म्हणतात, पण त्यानं मला रंजक ठेवायची कुपी आठवते. वाटी नळीलाच चिकटलेली आहे म्हणजे बहुधा तोड्याची बंदूक. पेटता तोडा, म्हणजे जामगी, वाटीत टेकवायची.

कोऱ्या पाटीचा :
आणि 'ब्रीच'ला, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकाला? मला तरी शब्द सापडला नाही.

जुनी खोड :
ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडातूनच भरायचं. मागून काही उघडतच नाही, तर वेगळं नाव कशाला लागेल? 'बूड' म्हणा, कोणालाही कळेल. खरं बघायचं ते बूड बंद कसं केलंय. जपानी नळ्यांच्या बुडात मळसूत्राचा खिळा फिरवून बसवतात. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांची बंदूक पोचली, आणि तिचं मळसूत्र तिथल्या लोहाराला काही केल्या जमेना, अशी गोष्ट तिकडे सांगतात. आपल्याकडच्या पुष्कळ नळ्यांचं बूड मात्र ठोकून, सांधून बंद केलेलं असतं.

पेठकर :
माझं लक्ष १७४६ वर. काकांनी इसवी सन धरलाय. देवनागरी आकडे असतील तर आधी विचारायचं, संवत की शके? संवतातून ५७ वजा केले की १६८९. शकात ७८ मिळवले की १८२४. एकाच आकड्यात १३५ वर्षांचा फरक! एकात संभाजी महाराजांचा शेवट, दुसऱ्यात पेशवाई बुडून सहा वर्षं झालेली. राजस्थानातला माल असेल तर संवत, आपल्याकडचा असेल तर शके, असा माझा कल. शिवाय आकडा कोणी ठोकला हेही पाहा. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर अशीच टिंबांची अक्षरं दिसतात. तिथे तारीख हत्यार हाती आल्याची, घडवल्याची नव्हे.

कोऱ्या पाटीचा :
आकारावरून काळ नाही का काढता येत?

पेठकर :
इथल्या तोड्याच्या बंदुकीत फार कमी. सतराव्या शतकातला घाट एकोणिसाव्यातही चालूच होता. एका संग्रहालयाच्या पाटीवर 'जुनी बंदूक, १७वे शतक' वाचलं आणि हसू आलं. घाटावरून एवढं ठाम कसं लिहितात? युरोपात बरं असतं. जर्मनीतला टॅनेनबर्गचा किल्ला १३९९ मध्ये पाडला गेला, १८४९ मध्ये त्याच्या विहिरीतून कांस्याची वीतभर-दीड वीत लांबीची अष्टपैलू नळी निघाली. म्हणजे ती १३९९ च्या आधीची, वाद संपला. लंडनच्या नळीवर मुकुटाखाली 'व्ही' असेल तर १६३७ च्या सनदेनंतरच्या बंदूककार मंडळाची तपासणी. बर्मिंगहॅमचं कसघर १८१३ चं.

जुनी खोड :
कसघर! सुंदर. 'प्रूफ'ला कस हाच शब्द. जास्तीची दारू भरून नळी फुटते का ते बघायचं, सोन्यासारखा कस.

रानवारा :
'बंदूक' हा शब्द व्हेनिसवरून आलाय का? अरबीत व्हेनिसला बुंदुकिय्या म्हणतात.

पेठकर :
गोष्ट छान, पण नाही. बुंदुक म्हणजे हेझलनटचं फळ, मग तेवढी गोळी, मग गोळी सोडणारं यंत्र. नावांचं साम्य योगायोगाचं.

जुनी खोड :
रानवारा, एक राहिलंच. तोंडातून सरळ लाकडी काठी घाला, अडली की नळीच्या तोंडाशी काठीवर बोटानं खूण करा आणि ती खूण तोंडाशी धरून काठी बाहेरून नळीला लावून बघा. टोक कानापर्यंत यायला हवं.

रानवारा :
केलं. काठी कानाच्या चार बोटं अलीकडेच अडली.

जुनी खोड :
मग आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असू शकतो. शंभर वर्षांची दारूही पेट घेते. नळी उन्हात, चुलीपाशी ठेवू नका, गज-खिळा घालून उकरू नका, तोंड कोणाकडे धरू नका. आजच पोलिसांना कळवा.