नुकसान, तोटा, भरपाई, शास्ती : नेमका फरक काय?

प्रश्न : भावाचा बेदाणा पॅकिंगचा छोटा कारखाना आहे. खोके पुरवणाऱ्याने ऐन हंगामात माल दिला नाही, काम ठप्प झालं. नोटिशीच्या मसुद्यात 'तोटा', 'बुडालेला नफा', 'शास्ती' असे वेगवेगळे शब्द आलेत. सगळ्यांचा अर्थ एकच ना?

उत्तर : मुळीच नाही, आणि 'तोटा' तर आधी काढाच. तोटा म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त. वर्षाअखेर भावाला नफा झाला असेल, तर समोरचा ताळेबंद पुढे करून विचारेल, तोटा कुठाय? करार पाळला गेला असता तर हातात काय असतं आणि आज काय आहे, यातली तफावत म्हणजे नुकसान. नफ्यातल्या धंद्याचंही ते होतं.

'बुडालेला नफा' म्हणजे बुडालेली विक्री नव्हे, इथे फार जण चुकतात. समजा 8 लाखांचा माल गेला नाही, पण त्यावरची मजुरी, बेदाणा, वाहतूक मिळून 6 लाख वाचले. मागायचे 2 लाख. गाळ्याचं भाडं माल गेला काय, न गेला काय, द्यावंच लागतं. ते वजा करू नका. आणि बाजारात दुसरे खोके मिळत असताना भाऊ हातावर हात ठेवून बसला असेल, तर तेही विचारात घेतलं जाईल.

प्रश्न : मोठी ऑर्डरही हातची गेली. तीही 'नुकसाना'त येईल?

उत्तर : बोलीभाषेत येईल. भरपाईत येईलच असं नाही. इंग्लंडमधला एक जुना खटला बघा. ग्लॉस्टरच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट (यंत्राचा फिरता दांडा) वाहतूकदाराने उशिरा पोचवला. त्यावाचून गिरणी बंद आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून 1854 मध्ये मालकांना बुडालेला नफा नाकारला गेला. आपल्या 1872 च्या करार कायद्यातल्या कलम 73 खाली असंच उदाहरण आहे. तिथे वाहतूकदाराला गिरणी बंद असल्याचं सांगितलेलं आहे, म्हणून बंद काळातला सरासरी नफा मिळतो. पण हातचं गेलेलं सरकारी कंत्राट मिळत नाही. त्या ऑर्डरबद्दल करार करतानाच पुरवठादाराला कळवलं होतं का? तसा ईमेल किंवा व्हॉट्सॲप असेल तर जपून ठेवा.

दुसऱ्या एकाचं उत्तर : 'शास्ती'बद्दल, म्हणजे करार मोडल्यास भरायच्या आधीच ठरवलेल्या दंडाबद्दल, राहिलं. करारात दर दिवसाची रक्कम लिहिली म्हणून ती जशीच्या तशी पदरात पडत नाही. कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा. तिच्या आत जी वाजवी भरपाई, ती मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फत्तेचंद खटल्यात हेच धरलं. त्यामुळे मसुद्यात 'ठरलेली भरपाई' लिहा, आणि सोबत हिशेब जोडा.