शब्दचर्चा : 'नाळ', 'दावे' की 'कासरा'?

प्रश्न
पाण्याखालच्या दूरनियंत्रित वाहनांविषयीचा मजकूर मराठीत आणताना 'अम्बिलिकल' आणि 'टेदर' हे दोन शब्द वारंवार भेटतात. मी दोन्हींसाठी 'केबल' लिहीत होतो. पण 'केबल तुटली, मात्र केबल शाबूत राहिली' असे वाक्य हातून उतरल्यावर थांबावे लागले. मराठीत दोन वेगळे शब्द सुचवावेत. शिवाय 'ऑप्टिकल फायबर'ला 'प्रकाशतंतू' म्हणावे की 'प्रकाशीय तंतू'?

पहिले उत्तर
आपले वाक्य वाटते तितके हास्यास्पद नाही. 'काइको' या जपानी वाहनाच्या बाबतीत 2003 मध्ये नेमके हेच घडले. जहाजापासून खालच्या सोडयंत्रापर्यंतची (पाण्यात खोल नेऊन तिथून वाहन सोडणाऱ्या यंत्रापर्यंतची) मुख्य केबल, म्हणजे 'अम्बिलिकल', टिकली, सोडयंत्रापासून वाहनापर्यंतची दुय्यम केबल, म्हणजे 'टेदर', तुटली आणि वाहन हरवले. म्हणून या दोन वस्तूंना दोन नावे हवीतच.

पहिलीसाठी 'नाळ' हा शब्द चपखल आहे. पोलादी तारांच्या कवचात वीज वाहून नेणारे तांबे आणि चित्र व संदेश वाहून नेणारे काचेचे तंतू एकत्र असतात. म्हणजे पोषणही त्याच वाटेने जाते, जसे गर्भाला जाते. दुसरीसाठी मी 'दावे' सुचवीन.

'प्रकाशतंतू' मात्र मी टाळतो, कारण विजेच्या दिव्यातील तापून उजळणाऱ्या तारेलाही आपण 'तंतू' म्हणतो आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे तीच येते. ऑप्टिकल फायबर स्वतः उजळत नाही, तो प्रकाश आतल्या आत परावर्तित करत पुढे नेतो. तेव्हा 'प्रकाशीय तंतू' बरा. याच मजकुरात भेटणारे 'मल्टिप्लेक्सर' (अनेक संदेश एकाच तंतूतून पाठवणारे उपकरण) आणि 'स्लिप रिंग' (केबल गुंडाळणारे रीळ फिरत असतानाही जोडणी टिकवणारा भाग) हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. त्यांना ओढूनताणून मराठी नाव दिल्यास वाचकाला मूळ शब्द शोधत बसावे लागते.

दुसरे उत्तर
'नाळ' मान्य, 'दावे' अमान्य. दावे जनावराला खुंट्याशी रोखून धरते. ही केबल तर वाहनाला मोकळेपणाने फिरता यावे म्हणूनच हलकी आणि पाण्यात जवळजवळ तरंगती ठेवलेली असते. तिच्यातून हुकूम खाली जातो, म्हणून 'कासरा' अधिक योग्य नव्हे काय? गाडीवानाच्या हातातील कासरा बैलाला वळण सांगतो आणि बैलाची ओढ गाडीवानाच्या हाताला कळवतो. इथेही एकाच तंतूतून दोन्ही दिशांचा व्यवहार चालू शकतो: उदाहरणार्थ, 1310 नॅनोमीटर तरंगलांबीवर आज्ञा खाली आणि 1550 नॅनोमीटरवर चित्र वर.

पहिल्या उत्तरकर्त्याचे प्रत्युत्तर
'दाव्या'वरचा आपला आक्षेप मला मान्य आहे आणि मी तो शब्द मागे घेतो. परंतु कासरा ओढून काम करतो, आणि काचेच्या तंतूवर ताण देणे हीच या कामातील सर्वांत मोठी चूक. तंतूचा व्यास, आवरण सोडून, सुमारे 125 मायक्रोमीटर आणि प्रकाश वाहणारा गाभा तर 9 मायक्रोमीटरच्या आसपास. तो फार तीव्र वाकला तरी प्रकाश गाभ्यातून बाहेर निसटतो आणि पडद्यावरचे चित्र जाते. उपमा सुंदर आहे, पण ती चुकीची सवय शिकवते.

आणखी एक प्रकार या चर्चेत सुटला आहे. अमेरिकेतील वुड्स होल संस्थेचे 'नेरियस' 2009 मध्ये चॅलेंजर डीपच्या, म्हणजे महासागरातील सर्वांत खोल जागेच्या, तळाशी उतरले, तेव्हा त्याची वीज स्वतःच्या बॅटरीतून येत होती आणि जहाजाशी त्याचा संबंध केसासारख्या बारीक तंतूने होता. त्यातून पोषण जात नव्हते, म्हणून ती नाळ नव्हे. त्याने काही धरूनही ठेवले नव्हते, म्हणून ते दावेही नव्हे. मग तो तंतू हवाच कशाला, असे कोणी विचारील. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी थोड्याच अंतरात विरतात. ध्वनी दूरवर जातो, पण सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने; अकरा किलोमीटर खोलीवर पाठवलेल्या आज्ञेचे उत्तर यायला जवळजवळ पंधरा सेकंद लागतात आणि त्या वाटेने सलग, स्वच्छ व्हिडिओ मावत नाही. संक्षेप न केलेल्या एचडी चित्रालाच सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट जागा लागते.

अशा निव्वळ तंतूसाठी मी 'संदेशतंतू' लिहितो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मुख्य केबलसाठी 'नाळ', निव्वळ तंतूसाठी 'संदेशतंतू' आणि मधल्या केबलसाठी तूर्त 'जोडकेबल' असे ठरवतो. 'काइको'विषयीचे वाक्य आता असे झाले आहे: 'नाळ शाबूत राहिली, जोडकेबल तुटली.'