'करून बघितलं'ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं? (मदत हवी आहे)

धागाकर्ती: अडखळबाई

नमस्कार मंडळी,

मी सॉफ्टवेअरच्या सपोर्ट विभागात काम करते. दिवसभर इंग्रजीत मेल लिहायचे, पण वाक्य डोक्यात मराठीतच तयार होतं. मागच्या आठवड्यात ग्राहकाला लिहून बसले, 'वी हॅव टेस्टेड द न्यू व्हर्जन'. मला म्हणायचं होतं की आम्ही दोघींनी नवी आवृत्ती दहा मिनिटं चालवून बघितली, बरी वाटली. तासाभरात उलट मेल आला: टेस्ट रिपोर्ट पाठवा, किती टेस्ट केस घेतल्या, किती पास, किती फेल. आता रिपोर्ट कुठून आणू? वरिष्ठांनी फोन करून सारवासारव केली आणि मला चार शब्द ऐकवले.

म्हणून पुढच्या मेलमध्ये टेस्ट शब्दाच्या वाटेलाच गेले नाही. 'वी ट्राइड टु रीस्टार्ट द सर्व्हर' असं लिहिलं. त्यावर प्रश्न: 'मग झाला का नाही?' अहो, झाला होता! रीस्टार्ट करूनही दुखणं तसंच होतं, एवढंच सांगायचं होतं.

आपल्याकडे घालून बघ, चाखून बघ, चालवून बघ, विचारून बघ, एका 'बघ'वर सगळं भागतं. इंग्रजीत टेस्ट, ट्राय, ट्राय आउट, चेक, ट्रायल, पायलट, एक्सपेरिमेंट. डिक्शनरीत प्रत्येकापुढे 'प्रयत्न करणे, तपासणे' एवढंच. कुठे काय वापरायचं, याची काही खूण आहे का?

पाटीपेन्सिल

ताई, आधी सर्व्हरचं बघू, कारण ही चूक वर्गात दरवर्षी भेटते. 'ट्राय टु रीस्टार्ट' म्हणजे रीस्टार्ट करायची धडपड. जमेल की नाही हीच शंका. 'ट्राय रीस्टार्टिंग' म्हणजे रीस्टार्ट सहज जमतो, त्याने गुण येतो का ते बघायचं. तुम्हाला दुसरं म्हणायचं होतं: 'वी ट्राइड रीस्टार्टिंग द सर्व्हर, बट द एरर इज स्टिल देअर.' भूतकाळात 'ट्राइड टु' लिहून पुढे काही सांगितलं नाही, तर वाचणारा 'जमलं नाही' असंच धरतो. 'अटेम्प्टेड'चंही तेच, उलट ते जास्त औपचारिक आणि जास्त पडेल.

टेस्टची खूण म्हणाल तर आपली कसोटी आठवा. कसोटी म्हणजे सोनं घासून त्याचा कस बघायचा काळा दगड. टेस्टचं मूळही तिथलंच: लॅटिन 'टेस्टुम' म्हणजे मातीचं भांडं, आणि मौल्यवान धातूंची पारख करायच्या भांड्यावरून हा शब्द आला. टेस्ट मॅचला 'कसोटी सामना' म्हणणाऱ्याने नकळत दोन्ही सोनारांची गाठ घालून दिली! तेव्हा टेस्ट कधी म्हणायचं? काय तपासायचं आणि पास कशाला म्हणायचं हे आधीच ठरलेलं असेल तेव्हा. तुमच्या दहा मिनिटांत तसं काही ठरलं नव्हतं. ते 'ट्राइड आउट'.

बगमारे

वरच्यांशी सहमत. मी टेस्टिंगवालाच आहे, त्यामुळे ग्राहकाच्या बाजूनेही थोडं बोलतो. 'टेस्टेड' वाचलं की आम्ही कागद मागणारच, पोटापाण्याचा प्रश्न आहे!

चेक वेगळं. बटण दिसतंय का, फाइल पोचली का, एका नजरेत हो किंवा नाही, ते चेक. (हा शब्द बुद्धिबळातून आलाय, फारसी 'शाह'वरून. म्हणजे आपला 'शह' आणि त्यांचा 'चेक' सख्खे भाऊ.) ट्रायल म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं वापरून बघणं, नाही पटलं तर सोडायची मुभा. पण 'ऑन ट्रायल' जपून लिहा. माणसाबद्दल लिहिलंत तर तो कोर्टात उभा आहे असंही वाचलं जाईल. 'ऑन अ ट्रायल बेसिस' सुरक्षित.

पायलट म्हणजे खरं काम, खरे लोक, फक्त आवाका लहान. सगळ्या शाखांत लागू करण्याआधी एका शाखेत. ड्राय रन मात्र खोटं खोटं. सगळ्या पायऱ्या करायच्या, पण खरा माल हलवायचा नाही. या दोन्हींची अदलाबदल केलीत तर गंभीर घोळ होतो. ग्राहक 'ड्राय रन' समजून बसलेला आणि तुम्ही त्याचा खरा डेटा हलवलेला, म्हणजे पुढचा फोन वरिष्ठांच्याही वरच्यांना.

आणि तुम्ही दोघींनी केलंत ना, त्याला जवळचा शब्द आमच्याकडे आहे: स्मोक टेस्ट. नवं यंत्र चालू केल्याबरोबर धूर तर निघत नाही ना, एवढंच बघायचं.

उंटावरचा

आमचे एक सहकारी दर मेलमध्ये 'लेट अस एक्सपेरिमेंट ऑन युवर सिस्टीम' लिहायचे. ग्राहकाला आपण गिनी पिग झाल्यासारखं वाटायचं. 😄

पाटीपेन्सिल

उंटावरचे, नेमका मुद्दा काढलात. एक्सपेरिमेंटमध्ये निकाल कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून पैसे मोजणाऱ्याला तो शब्द ऐकवू नये. आणि 'ऑन'ऐवजी 'विथ' लिहिलं असतं तरी निम्मी भीती गेली असती.

अडखळबाई, 'प्रूफ'चाही एक चकवा आहे. 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' यातला प्रूफ म्हणजे पुरावा नव्हे, जुन्या अर्थाने परीक्षा. खाल्ल्याशिवाय कळत नाही, एवढंच. छापखान्यातलं प्रूफही तेच, आधी एक प्रत काढून बघायची. 'टेस्ट द वॉटर्स', 'गिव्ह इट अ शॉट' वगैरे मंडळी बोलताना छान, पण रिपोर्टच्या मेलमध्ये नकोत. पहिलं म्हणजे अंदाज घेणं, आपलं चाचपून बघणं. दुसरं म्हणजे 'होऊन जाऊ दे'.

अडखळबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. 'ट्राय टु' आणि 'ट्राय रीस्टार्टिंग' आता मॉनिटरला चिकटवून ठेवते. उद्याचा मेल असा लिहिलाय, कुणीतरी नजर टाका:

'वी ट्राइड आउट द न्यू व्हर्जन ब्रीफली अँड चेक्ड दॅट लॉगिन वर्क्स. वी हॅव नॉट टेस्टेड इट येट. वुड यू बी ओपन टु अ पायलट विथ वन टीम?'

बगमारे

चोख. फक्त 'नॉट टेस्टेड येट'च्या पुढे टेस्टिंग कधी पूर्ण होणार ती तारीख टाका, नाहीतर तासाभरात उलट मेल ठरलेला.

अडखळबाई

तारीख वरिष्ठांना विचारून बघते. (हे 'आस्क' की 'ट्राय आस्किंग'?)

पाटीपेन्सिल

वरिष्ठ सांगणारे असतील तर 'आस्क'.