घरावर सोलर बसवणं खरंच परवडतं का?

रिकामी_गच्ची
नमस्कार मंडळी. घरावर सोलर बसवायचं डोक्यात आहे, बिल वाढतच चाललंय आणि वरची जागा नुसती पडून आहे. कोटेशन घेतली तर जो तो म्हणतो ६ वर्षांत पैसे वसूल, मग पुढची १९ वर्षं वीज फुकट. पण हा ६ चा आकडा आला कुठून असं विचारलं की कुणी धड सांगत नाही, लगेच सबसिडी आणि हप्त्यांवर गाडी जाते. सुचवलंय ३ किलोवॅटचं. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलं शाळेत, म्हणजे दिवसभर घर बंदच असतं, खरा वापर संध्याकाळी सहानंतर. अशा घराला हे परवडतं का? आणि बॅटरी घ्यावी की नको? रक्कम मोठी आहे, घाई करायची नाहीये, ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

युनिट_मोजा
दिवसभर घर बंद असतं हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळं गणित तिथेच फिरतं.

आधी बेसिक. ३ किलोवॅट ही पॅनलची ताकद झाली, आपल्याला पैसे वाचतात ते युनिटवर. चांगलं ऊन असलेल्या ठिकाणी १ किलोवॅट पॅनल वर्षाची सरासरी धरली तर रोज साधारण ४ युनिट देतं, ढगाळ थंड प्रदेशात हेच अडीचच्या आसपास येतं. म्हणजे ऊन चांगलं धरलं तर तुमचं ३ किलोवॅट रोज १२ युनिट, वर्षाला ४३८० युनिट. विकणारा काय करतो, हे सगळेच्या सगळे ४३८० तुमच्या बिलाच्या दराने गुणतो आणि ६ वर्षं सांगतो. हे बरोबर कधी, तर तुमच्याकडे पूर्ण नेट मीटरिंग असेल, म्हणजे दुपारी ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांना) दिलेलं एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटमधून सरळ वजा होत असेल तेव्हाच.

पण बऱ्याच ठिकाणी आता नेट बिलिंग आहे, तुम्ही दिलेल्या युनिटला वेगळा दर मिळतो आणि तो खरेदीच्या दरापेक्षा बराच कमी असतो. समजा एक तृतीयांश मिळाला आणि तुम्ही ४० टक्के वीज स्वतः वापरली, तर १७५२ युनिट पूर्ण भावाने वाचले, उरलेले २६२८ तिसऱ्या हिश्श्याने म्हणजे ८७६ युनिटांइतके, एकूण २६२८. तेच पॅनल, तेच छत, तेवढाच खर्च, पण ६ वर्षांची १० वर्षं झाली! आणि दिवसभर बंद घरात ४० टक्के वापर होणं पण सोपं नाही बरं का. त्यामुळे कोटेशनच्याही आधी वीज कंपनीला विचारा की ग्रिडला दिलेल्या युनिटचा दर काय आणि तो किती वर्षं कायम राहणार. जमलं तर लेखी घ्या.

तुमच्या जागेवर खरंच किती युनिट येतील ते युरोपियन कमिशनच्या पीव्हीजीआयएस साइटवर फुकट बघता येतं, नकाशावर घर दाखवायचं, छताचा उतार आणि दिशा टाकायची, महिन्यागणिक आकडे येतात. विकणाऱ्याचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून बघा.

सावली_बघा
वरचं गणित पटलं, पण त्यात सावली धरलेली नाही, माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पॅनलमधल्या सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, हात धरून चालणाऱ्या रांगेसारखं, सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने अख्खी रांग चालते. सेलचा एक कोपरा जरी झाकला तरी करंट पडतो. म्हणून आत बायपास डायोड देतात, म्हणजे अडलेला भाग वगळून करंटला दुसरी वाट देणारे छोटे भाग, साधारण तीन असतात, मग अख्खं पॅनल न पडता एक तृतीयांश भाग बाजूला पडतो. म्हणजे अँटेनाची बोटभर सावली आणि नुकसान ३३ टक्के, असंही होतं.

आमच्याकडे सर्व्हेला आलेला माणूस भर दुपारी येऊन गेला, तेव्हा सावली कुठेच नव्हती म्हणून पाण्याच्या टाकीला खेटूनच पॅनल आखून दिली. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की टाकीची सावली सकाळी दोन पॅनलांवर येऊन बसायची आणि दहा वाजेपर्यंत हलायची नाही. नंतर स्ट्रक्चर सरकवून घेतलं, त्याचे पैसे वेगळे. खूप मनस्ताप झाला. तुम्ही सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला वर जाऊन फोटो काढा, आणि हिवाळ्यात काढा.

रिकामी_गच्ची
टाकी आमच्याकडेही आहे, बरं झालं सांगितलंत. एक शंका, आमच्याकडे उन्हाळा कडक असतो, मग उन्हाळ्यात भरपूर वीज मिळेल ना?

युनिट_मोजा
दिवस मोठा असतो त्याचा फायदा आहे, पण उष्णता पॅनलला सोसत नाही. पॅनलवर छापलेली वॅटची ताकद सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. तापलेल्या छतावर सेल आरामात ६५ पर्यंत जाते आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर वाढलेल्या ४० अंशांचे १४ टक्के गेले. म्हणून पॅनल छताला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला जागा पाहिजे. थंड आणि निरभ्र दिवशी पॅनल सगळ्यात खुशीत असतं.

ताई_इलेक्ट्रिकल
बॅटरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. लोकांना वाटतं सोलर आहे म्हणजे लाईट गेली तरी घर चालू राहणार. तसं नाही हो. सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र, आणि साधा ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडच्या जोरावर चालणारा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, कडक ऊन असलं तरी. तो दोष नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण तारेवर लाईनमन काम करत असताना तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. लाईट गेल्यावरही चालू हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते.

निव्वळ पैशाचं बघाल तर पूर्ण नेट मीटरिंग असताना बॅटरी वसूल होणं कठीण, ग्रिडच तुमचं काम फुकटात करतेय. दिलेल्या युनिटला फार कमी दर असेल किंवा लाईट सारखी जात असेल तरच विचार करा, आणि घेतलीत तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, हजारो सायकल चालते, म्हणजे तितक्या वेळा चार्ज होऊन वापरता येते. त्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. वॉशिंग मशीन, गीझर, पंप जे टायमरवर टाकता येईल ते दुपारी अकरा ते तीनमध्ये लावा. तुमच्यासारख्या बंद घराला याचा बॅटरीपेक्षा जास्त उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

जरा_थांबा
माझं मत थोडं वेगळं आहे. बिल कमी असेल, घर भाड्याचं असेल, येत्या काही वर्षांत विकायचं असेल किंवा छत गळत असेल तर आत्ता बसवू नका. गळकं छत आधी दुरुस्त करा, नाहीतर नंतर सगळं उतरवून परत चढवायचा खर्च होतो. आणि ते १९ वर्षं फुकट वगैरे बरोबर नाही, पॅनल २५ वर्षं टिकतं आणि दर वर्षी अर्धा टक्का वगैरेच घटतं हे खरं, पण इन्व्हर्टर साधारण १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो, धूळ धुवावी लागते. हे सगळं खर्चात धरून बघा. एवढं करूनही ज्यांचं बिल मोठं आणि छत चांगलं त्यांना परवडतंच, मी विरोधात नाहीये.

रिकामी_गच्ची
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणीच समजावलं नव्हतं. उद्याच वीज कंपनीला दर विचारते. शेवटचं एक, आमच्या छताचा उतार पूर्व-पश्चिम आहे, त्याने फार फरक पडेल का?

ताई_इलेक्ट्रिकल
विषुववृत्ताकडे तोंड केलेल्या पॅनलपेक्षा वर्षाचे एकूण युनिट कमी येतील, पण सकाळ आणि संध्याकाळकडे जास्त पसरतील, आणि तुम्ही लोक घरी तेव्हाच असता त्यामुळे तुमच्यासाठी वाईट नाही. फक्त दोन्ही दिशांची पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलांच्या रांगेत) जोडू देऊ नका, इन्व्हर्टरला दोन वेगळे एमपीपीटी इनपुट, म्हणजे प्रत्येक रांगेतून स्वतंत्रपणे जास्तीत जास्त वीज काढणारे इनपुट, आहेत का ते कोटेशनवर लिहून घ्या.