शब्दचर्चा : जिओकॅशिंगमधला ‘कॅश’ आणि ‘लॉगिंग रोड’

प्रश्न : कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत जिओकॅशिंग (जीपीएसच्या आधारे, कुणी दडवून ठेवलेला ‘कॅश’ शोधायचा खेळ) करणाऱ्यांच्या नोंदी मराठीत आणते आहे. ‘कॅश’ म्हटले की वाचकाला रोकड दिसते. ‘गुप्तधन’ चालेल का? आणि ‘लॉगिंग रोड’ला ‘जंगलवाट’?

उत्तर : गुप्तधन नको. त्यामागोमाग मांत्रिक, हंडा, अमावस्या सगळे येते. शिवाय ते पुरलेले असते. इथे परवानगीशिवाय जमीन खणायची नाही, असा नियमच आहे. (मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ तारखेला ओरेगनमध्ये या खेळातला पहिला कॅश म्हणून एक बादली ठेवली गेली. ती अर्धी पुरलेली होती, ही गोष्ट वेगळी.) पहिल्यांदा ‘दडवलेला डबा’ लिहा, पुढे नुसता ‘डबा’. असतोही तो डबाच : आत वही, पेन्सिल, चार किरकोळ खेळणी. खेळाचे नाव आहे तेच राहू द्या.

जंगलवाट तर मुळीच नको. वाट पायाखालची, या खडीच्या रस्त्यांवर ओंडक्यांनी लादलेले ट्रक उतरतात. सुरुवातीच्या फलकावर रेडिओचा चॅनल लिहिलेला असतो, कडेला किलोमीटरच्या पाट्या. आपण कितव्या किलोमीटरला आहोत आणि वर चाललो आहोत की खाली, हे चालक त्या चॅनलवर पुकारत येतो. आपण रुंद जागा गाठून बाजूला व्हायचे. ‘लाकूडतोडीचा रस्ता’ म्हणा. आपले वनखाते तोडीच्या पट्ट्याला ‘कूप’ म्हणते. इंग्रजीमार्गे आलेला हा मूळचा फ्रेंच शब्द. गडचिरोलीकडे ‘कूपाचा रस्ता’ कळेल, पुण्यात विहीर शोधतील.

आणि ‘निसर्गरम्य’ जपून वापरा. त्या रस्त्यांवरून समोरची हिमशिखरे दिसतात, ती बरेचदा खालच्या अख्ख्या उतारावरची झाडे तोडून टाकल्यामुळे. बुंधे उरलेल्या उतारापलीकडच्या देखाव्याला मी तरी ‘मोकळा देखावा’ म्हणेन.

प्रश्न : आभार. एकीने लिहिले आहे, ‘लॉगिंग रोडवर कॅश लॉग केला’. ही कोटी कशी आणू?

उत्तर : आणू नका. तशी ओंडक्याच्या आणि नोंदीच्या, दोन्ही ‘लॉग’ची नाळ एकच. जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेले लाकूड पाण्यात टाकत, आणि तो आकडा ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक. पण मराठीत ओंडका आणि नोंद यांचे काही जुळत नाही. ‘लाकूडतोडीच्या रस्त्यावर डबा सापडला, वहीत सही केली’ एवढे पुरे.