'अनबॉट अँड अनबॉस्ड'ला मराठीत काय म्हणावं?

निशिगंधा: शर्ली चिझम यांच्यावरचा लेख अनुवादासाठी आहे. १९६८ साली ब्रुकलिनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. 'अनबॉट अँड अनबॉस्ड', म्हणजे कुणी विकत न घेतलेली, कुणा बॉसच्या हुकमात नसलेली, ही त्यांची प्रचारघोषणा. मी 'न विकलेली, न वाकलेली' केलं. संपादक म्हणतात, यमक जुळलं, पण बॉस गेला.

दत्ता: बरोबर आहे त्यांचं. हा बॉस ऑफिसातला साहेब नव्हे. न्यूयॉर्कात पक्षाचा स्थानिक म्होरक्या. तिकीट कुणाला, नोकऱ्या कुणाला, तोच ठरवी. 'पक्षश्रेष्ठींना न जुमानणारी' करा.

रेवती: पोस्टरवर मावणार नाही. आणि 'न विकलेली' म्हणजे दुकानात पडून राहिलेली साडी वाटते. 'विकली न गेलेली' हवं.

माधव: 'बिनधन्याची'? बॉस हा डच 'बास'वरून आला, म्हणजे धनी. ब्रुकलिन हे नावही डचच. 'मास्टर'ला गुलामगिरीचा वास, म्हणून अमेरिकेतले गोरे मजूर मालकाला 'बॉस' म्हणू लागले. शेजारी 'अनबॉट' आलं की मला तरी माणसांचा लिलावच आठवतो.

रेवती: धनी नकोच! मराठीत धनी म्हणजे नवराही. त्या निवडणुकीत चिझम यांच्यासमोर उमेदवार जेम्स फार्मर, आणि त्यांच्या प्रचाराचा सूर 'वॉशिंग्टनात पुरुषाचा आवाज हवा' असा. 'बिनधन्याची' म्हटलं की त्यांचंच काम सोपं.

सुलभा: 'ना विकाऊ, ना मिंधी.'

दत्ता: सुलभाताई, मिंधेपणा उपकाराचा असतो. १९६९ मध्ये चिझम या शहरी बाईंना प्रतिनिधिगृहाच्या शेती समितीवर टाकलं, तो हुकूम होता. नव्या सदस्यांनी गप्प बसायची रीत. त्यांनी उघड विरोध करून समिती बदलून घेतली आणि माजी सैनिकांच्या समितीवर गेल्या. म्हणून 'ना विकाऊ, ना ताबेदार'.

श्रीधर: 'ताबेदार' कशाला? मराठीला संस्कृत आहे. 'ना क्रीत, ना अंकित.'

रेवती: चिझम भोंग्याच्या गाडीतून प्रचार करत, पोर्तो रिकन मतदारांशी स्पॅनिशमध्ये बोलत. भोंग्यावरून 'क्रीत' कुणाला कळेल?

सुलभा: मग 'कृष्णवर्णीय' तरी कशाला? 'काळी' म्हणा.

निशिगंधा: 'काळी' आपल्याकडे लग्नाच्या बाजारात शिवीसारखं वापरतात. मला धजवत नाही.

माधव: 'ब्लॅक'च ठेवा. साठच्या दशकात तो शब्द तिथल्या कृष्णवर्णीयांनी स्वतः अभिमानाने घेतला. चिझम राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या १९७२ला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर निघाली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा कुणी 'कृष्णचित्ता' केलं नाही.

श्रीधर: संघटनेचं नाव वेगळं, विशेषण वेगळं. विशेषणाला मराठी हवंच.